पुणें हॉर्स व जर्मन घोडदळाचा काळ

बोर्ली पंचतनाहून दिघीकडे जाऊं लागलें म्हणजे डोंगर, भातखाचरें व खाडी यांखेरीज फारसें कांहीं लागत नाहीं. या मुलखांत घोड्यास काम नाहीं. इ. स. १७३३ सालीं बाजीराव पेशवे हबसाणांत उतरले, तेव्हां मराठी फौजेनें किनाऱ्यावरचीं ठाणीं घेतलीं, परंतु खाडीच्या तोंडाशीं पाण्यांत उभा असलेला जंजिरा घोड्यांच्या टापांस कसा वश व्हावा? तो तसाच राहिला. अशा गांवीं बसून घोडदळाच्या इतिहासावर लिहावें हें वाचकांस विचित्र वाटेल. परंतु आमच्या या भागांत ‘पहिल्या जर्मन लढाईंत आमचे आजे होते’ असें सांगणारीं घरें आहेत, आणि त्यांतले कित्येक जण ‘ते पुण्याच्या पलटणींत होते’ एवढेंच सांगतात. पुण्याची म्हणजे कोणती? या प्रश्नाच्या मागें लागलों असतां प्रस्तुत लेख निपजला.

‘पुणें’ हें नांव धारण करणारें घोडदळ एकच प्रसिद्ध आहे, तें म्हणजे पुणें हॉर्स. याचा जन्म मराठी राज्याच्या शेवटच्या वर्षांतला आहे. वसईच्या तहान्वयें इंग्रजांच्या मदतीस फौज देण्याचें बंधन पेशव्यांवर पडलेंच होतें. इ. स. १८१७ च्या जूनमध्यें पुण्याचा तह झाला, त्यांत त्या फौजेऐवजीं ५,००० स्वार व ३,००० पायदळ यांच्या खर्चापुरता मुलूख दुसऱ्या बाजीरावांकडून इंग्रजांनीं तोडून घेतला. त्या पैशावर जुलईंत ‘पूना ऑक्झिलियरी हॉर्स’ उभें राहूं लागलें. चार महिने लोटतात तों खडकीची लढाई झाली, आणि ता. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवीं पेशव्यांच्या फौजेसमोर याच दळाचे सुमारें अडीचशें स्वार लेफ्टनंट स्वॉन्स्टन याच्या हाताखालीं उभे होते. धन्याच्या पैशानें पोसलेलें दळ वर्षाच्या आंत धन्यावरच उलटविलें गेलें, असा हा प्रकार आहे.

या दळाची रचना मात्र सर्वस्वीं देशी होती, व तीच आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. शिवकालीं पागेच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, व स्वतःचें घोडें-हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, हा भेद सर्वांस ठाऊक आहे. पागेस बळ द्यावें, शिलेदारांस पागेच्या धाकांत ठेवावें, हें महाराजांचें धोरण होतें. कारण शिलेदाराचें घोडें मेलें तर हानि त्याची, म्हणून तो घोडें जपूं पाहतो आणि लढाई अंगावर येऊं देत नाहीं. इंग्रजांनीं यांतली शिलेदारीच उचलली. शब्दसुद्धां तोच ठेविला. स्वारानें भरतीच्या वेळीं आपल्या ‘असामी’ची रक्कम भरावी, घोडें, खोगीर, पोशाख यांची तजवीज त्यांतून व्हावी, व सरकारानें दरमहा ठराविक पगार द्यावा, बंदूक व दारूगोळा तेवढा सरकारी. १९१४ सालीं हिंदी घोडदळाच्या एकूण ३९ रिसाल्यांपैकीं मद्रासकडील तीन वगळतां बाकी सारे शिलेदारी होते. शांततेच्या काळीं ही पद्धत स्वस्त पडे. युद्धांत काय झालें तें पुढें येईल.

दरम्यान दळाचें नांव राहिलें, माणसें मात्र बदललीं. १९१४ सालीं ‘३४ वें प्रिन्स आल्बर्ट व्हिक्टर्स ओन पूना हॉर्स’ युद्धास निघालें त्या वेळीं त्यांत राठोड रजपूत व कायमखानी मुसलमान यांचें प्राबल्य होतें. पेशव्यांच्या मुलखांतल्या माणसांचा त्यांत मान उरला नव्हता. सैन्यभरतीच्या बाबतींत ‘लढाऊ जाती’ ठरविण्याचें जें खूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज अधिकाऱ्यांनीं माजविलें, त्याचें हें फळ होय.

सिकंदराबाद ब्रिगेड १९१४ च्या ऑक्टोबरांत मार्सेय बंदरीं उतरली. तींत ७ वे ड्रॅगून गार्ड्स हा गोरा रिसाला, २० वें डेक्कन हॉर्स व ३४ वें पुणें हॉर्स असे तीन रिसाले होते. अशा तीन ब्रिगेडी मिळून दुसरें हिंदी घोडदळ डिव्हिजन झालें. समोर जर्मनांकडे युद्धारंभीं अकरा घोडदळ डिव्हिजनें होतीं, पैकीं दहा पश्चिमेस व एक रशियाच्या तोंडावर. प्रत्येकांत दोन-दोन रिसाल्यांच्या तीन ब्रिगेडी, बारा तोफा व मशीनगनांची तुकडी. त्यांच्या साऱ्या स्वारांपाशीं भाले असत. पण जर्मन घोडदळाचा पुरुषार्थ पश्चिमेस फार दिवस टिकला नाहीं. ता. १२ ऑगस्ट १९१४ रोजीं बेल्जियममधील हेलन येथें त्यांचे स्वार पायउतार होऊन नेम धरलेल्या बेल्जियन शिपायांवर तुटून पडले व कापले गेले. ता. १ सप्टेंबर रोजीं नेरी येथें त्यांचें चौथें घोडदळ डिव्हिजन इंग्रजांच्या एका ब्रिगेडीवर पहांटेच्या धुक्यांत येऊन पडलें, परंतु तोफा गमावून परतलें. पुढें खंदक खणले गेल्यावर कित्येक डिव्हिजनें पूर्वेकडे धाडलीं गेलीं. तेथें १९१५ च्या सप्टेंबरांत विल्नाच्या उत्तरेस रशियन फळीला खिंडार पाडून चार डिव्हिजनें आंत घुसलीं, तेवढा प्रसंग मात्र जुन्या घोडेस्वारीस शोभेसा झाला. युद्ध संपण्यापूर्वीं बहुतेकांचीं घोडीं काढून घेऊन त्यांना पायदळासारखें लढविण्यांत आलें.

पुणें हॉर्सचीही तीच गत झाली. फ्रान्समध्यें उतरल्यावर पंधरा-वीस दिवसांतच स्वारांस घोड्यांवरून उतरवून खंदकांत घातलें. ता. २ नोव्हेंबर १९१४ रोजीं न्यूव्ह शापेल येथें गुरख्यांच्या मदतीस जातांना रिसाल्याचा मुख्याधिकारी कर्नल स्वॉन्स्टन मारला गेला. कोरेगांवच्या स्वॉन्स्टनाचें व याचें आडनांव एकच आहे. शंभर वर्षांच्या दोन्ही टोकांस तेंच नांव पाहून इतिहासाच्या अभ्यासकाचें मन क्षणभर थबकतें. याच महिन्याच्या २४ तारखेस फेस्ट्युबर्टजवळ लेफ्टनंट द पास यानें जर्मनांचा पुढें सरकत आलेला खंदक उडविला, व जखमी शिपायास गोळ्यांच्या मार्‍यांतून उचलून आणिलें. दुसऱ्याच दिवशीं तो पडला. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्यानंतरचीं दीड वर्षें घोड्यांस चारा घालण्यांत व फळी फुटण्याची वाट पाहण्यांत गेलीं. ती वेळ सोमच्या लढाईंत आली असें वाटलें. ता. १४ जुलई १९१६ रोजीं पहांटे इंग्रजी पायदळानें बाझान्तांचें पठार घेतलें; पलीकडचें ‘हाय वुड’ नांवाचें रान कांहीं तास जवळजवळ मोकळें होतें. घोडदळास हुकूम सकाळीं सुटला, परंतु खंदकांनीं व खड्ड्यांनीं चिरलेली जमीन ओलांडून पुढें येईपर्यंत संध्याकाळचे सात वाजले. तेव्हां ड्रॅगून गार्ड्स व डेक्कन हॉर्स यांनीं उभ्या पिकांतून भाले रोखून घोडीं फेंकलीं, पिकांत दडलेल्या जर्मनांस टोंचलें, सुमारें तीस कैदी धरले. पुणें हॉर्स त्यांच्या मागें राखीव होतें. रान तेव्हांच घेतलें गेलें नाहीं. तें पुढें दोन महिने लढून घ्यावें लागलें. या प्रसंगीं सारें घोडदळ मशीनगनांनीं कापून काढलें असें पुष्कळांनीं रंगविलें आहे, पण तें बरोबर नाहीं. प्राणहानि बेताचीच झाली. दोष शौर्याचा नव्हता, वेळेचा होता.

१९१८ च्या वसंतांत हें डिव्हिजन, त्या वेळीं त्यास ‘पांचवें घोडदळ डिव्हिजन’ म्हणत, पॅलेस्टाइनकडे नेण्यांत आलें. तेथें मात्र देश मोकळा होता, व घोड्यानें आपलें काम दाखविलें. ता. १९ सप्टेंबरास पायदळानें समुद्रकांठीं वाट करून दिली, आणि स्वार एका दिवसरात्रींत चाळीस मैलांहून अधिक दौडून गेले. २० तारखेच्या पहांटे एका ब्रिगेडीनें नाझरेथवर झडप घातली, तेथून तुर्की सैन्याचा जर्मन सेनापति लिमान फॉन सांडर्स कसाबसा निसटला. डेक्कन हॉर्स व पुणें हॉर्स असलेली १४ वी ब्रिगेड त्याच सकाळीं अफुलेकडे पोंचली. शत्रूच्या पिछाडीस जाऊन रसद व वाटा तोडणें हीच मराठी फौजेची जुनी रीत, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ता. १ ऑक्टोबरास दमास्कस पडलें, २६ तारखेस अलेप्पो.

शिलेदारीचा अंतही याच युद्धानें केला. घोडीं व माणसें महिन्यांमागून महिने मरूं लागल्यावर असामीचे पैसे कोठून भरावयाचे, आणि समुद्रापलीकडे घोडें कोणीं पुरवावयाचें? सरकारानें सारें आपल्याकडे घेतलें, व १९२१ च्या पुनर्रचनेंत ही पद्धत बंद झाली. त्याच वेळीं ३३ वें व ३४ वें हे दोन रिसाले एक होऊन आजच्या पुणें हॉर्सची घडी बसली. १९६५ व १९७१ सालीं तेंच नांव रणगाड्यांवर होतें.

आतां आरंभीच्या प्रश्नाकडे वळूं. आमच्या किनाऱ्यावरचीं माणसें या रिसाल्यांत असण्याचा संभव फार थोडा. ‘पुण्याची’ म्हणून ज्या फौजेची आठवण घराघरांत राहिली ती बहुधा दुसरीच : इराकांत गेलेलें सहावें, म्हणजे पुणें डिव्हिजन. त्यांत १०३, ११० व ११७ या मराठा पायदळ पलटणी होत्या, व त्यांत कोंकणचीं माणसें पुष्कळ होतीं. ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं कुत-अल-अमारा येथें उपासमारीनें त्यांस हत्यारें ठेवावीं लागलीं. कैदेच्या वाटेवर किती मेले याची गणती गांवोगांवच्या घरांतच करावी लागेल. फ्रान्समधील न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर हजारों हिंदी सैनिकांचीं नांवें कोरलीं आहेत. कोंकणांतल्या कित्येक गांवीं मात्र ‘या गांवांतून इतके गेले, इतके पडले’ एवढाच आंकड्यांचा दगड आहे, नांवें नाहींत.

ज्यांच्या घरीं त्या काळचे सुटकेचे दाखले, पदकें किंवा पत्रें असतील त्यांनीं पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर, नांव व पलटण यांची नक्कल तेवढी करून मंडळाकडे धाडावी. मूळ वस्तु घरींच राहूं द्यावी.