कायदा गेला, शिक्का राहिला

१८७१च्या 'गुन्हेगार जमाती कायद्या'ने इंग्रजांनी अख्ख्या जमातींनाच गुन्हेगार ठरवले. मूल जन्मले की संशयित! नावाची नोंद, ठरावीक वेळी हजेरी, गाव सोडायला पास. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. तिथली माणसे कापडगिरण्यांत राबत.

देश १९४७मध्ये स्वतंत्र झाला, या जमाती मात्र ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. हाच दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. पण राज्याराज्यांत 'सराईत गुन्हेगार' कायदे आले (मुंबई राज्याचा १९५९चा), आणि पोलिसांची नजर जुन्याच पालांवर राहिली. १९९८मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलियात विमुक्त जमातीतला बुधन शबर कोठडीत मरण पावला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवर संघटना उभारली.

सवलतींचा घोळ वेगळाच. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. कैकाडी विदर्भात अनुसूचित जाती, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त. त्यातही चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा तालुका विदर्भात असूनही वगळलेला! राज्यात भटक्या-विमुक्तांना मिळून ११ टक्के आरक्षण आहे, केंद्रात मात्र स्वतंत्र कोटा नाही. या जमातींसाठी केंद्राने नेमलेल्या रेणके आणि इदाते आयोगांचे अहवाल येऊन गेले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाचे नियम घटनाबाह्य ठरवले. विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी तोवर काही तुरुंग-नियमावल्यांत शाबूत होत्या.