चोरीस गेलेलें नाणें गोठवितां येतें काय?

बँकेंतील पैसा कोणीं लबाडीनें काढून नेला, तर आपण तडक मॅनेजरास गांठतों आणि तें खातें बंद करण्यास सांगतों. तें शक्य असतें, कारण वही बँकेच्या हातीं असते. बिटकॉइनची गोष्ट निराळी. येथें वही आहे, पण वहीवाला नाहीं. २००९ च्या जानेवारींत सुरू झालेल्या त्या वहीच्या प्रती जगभरच्या हजारों यंत्रांवर आहेत. ज्याच्यापाशीं गुप्त किल्ली, त्याचाच हुकूम तीं यंत्रें मानतात. किल्लीवाला चोर कीं साव, हें त्यांस कळत नाहीं. मग ‘गोठवा’ म्हणून सांगावयाचें तरी कोणास?

सर्वच नाणीं मात्र अशीं निर्नायकी नाहींत. डॉलरशीं मोल बांधलेलें ‘टेदर’ हें नाणें एक कंपनी काढते, आणि एखाद्या पत्त्यावरील शिल्लक हलूं न देण्याची सोय तिनें करून ठेविली आहे. २०२१ च्या ऑगस्टांत ‘पॉली नेटवर्क’मधून सुमारें ६१ कोटी डॉलरांचा ऐवज गेला, तेव्हां त्यांतील सुमारें ३ कोटी ३० लक्ष तिनें जागच्या जागीं अडकविले. चोरांनाही हें ठाऊक असतें. म्हणून माल हातीं येतांच ते अशीं नाणीं प्रथम बदलून घेतात. १८ जुलै २०२४ रोजीं मुंबईच्या ‘वझीरएक्स’ पेढीवरून २३ कोटी डॉलरांच्या आसपास ऐवज गेला, त्यांतला बराचसा लवकरच ‘ईथर’ नाण्यांत बदलला गेला. ईथर गोठविणारी कंपनी नाहीं. चोराचा माल वाहता राहिला; ग्राहकांचीं नाणीं मात्र वर्षाहून अधिक काळ पेढींत अडकून पडलीं!

ईथरची चोरी एकदांच उलटविली गेली, ती कथा मोठी मनोरंजक आहे. १७ जून २०१६ रोजीं ‘डीएओ’ नांवाच्या सामाईक निधींतून कोणीं सुमारें ३६ लक्ष ईथर ओढून घेतले. परंतु निधीच्या नियमांप्रमाणें ती रक्कम सुमारें चार आठवडे बाहेर काढतां येत नव्हती. चोर दाराशीं खोळंबला आणि घरांत वाद माजला. अखेर २० जुलै रोजीं बहुसंख्यांनीं वहीचे नियमच बदलले आणि पैसा मूळ मालकांस परत घेतां येईल असें केलें. ज्यांस हें पटलें नाहीं, त्यांनीं जुनीच वही पुढें चालविली. ती ‘ईथेरियम क्लासिक’ म्हणून अद्याप चालू आहे. त्यांचा हट्ट मला तरी अगदींच पोकळ वाटत नाहीं. आज चोरासाठीं वही खोडली, तर उद्यां एखाद्या सरकारच्या सांगण्यावरून सज्जनाची कां खोडूं नये?

असल्या शंकेस २०२५ च्या मे महिन्यांत ‘सुई’ या वहीच्या चालकांनीं फारसें जुमानलें नाहीं. ‘सीटस’ येथून २२ कोटी डॉलरांचा ऐवज गेला, तेव्हां चोराच्या पत्त्यांवरून येणारे हुकूम नोंदविण्यासच त्यांनीं नकार दिला व सुमारें १६ कोटी अडवून धरले. मूठभर चालक असले म्हणजे एकमत लवकर होतें.

बिटकॉइनमध्यें तेंही नाहीं. २०१६ च्या ऑगस्टांत ‘बिटफिनेक्स’मधून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीस गेले. त्यांतील बहुतेक साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत अनेक पत्त्यांवर वर्षानुवर्षें पडून होते. कोणासही हात लावतां येईना. २०२२ च्या फेब्रुवारींत अमेरिकन सरकारनें ९४,००० हून अधिक परत मिळविले, ते वही गोठवून नव्हे. आरोपीच्या ऑनलाइन खात्यांत कुलूपबंद करून ठेवलेली एक फाइल होती, तिचें कुलूप तपासनिसांनीं उघडलें, आणि आंत किल्ल्यांची यादी सांपडली.