तेल गेले, हाती धुपाटणे

प्वांत-न्वार हे काँगो-ब्राझाव्हिलचे तेलाचे शहर. शहरासमोरच्या समुद्रातून निघणाऱ्या कच्च्या तेलावर देशाचा कारभार चालतो. त्या तेलाचे पैसे किती आले आणि गेले कुठे, हे मात्र कित्येक वर्षे सामान्य माणसाला कोणी सांगत नव्हते. ‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले’ ही म्हण आपली. तिथे तेलाचा जमाखर्च मागायला पुढे झाले ते खरोखरच धुपाटणेवाले, म्हणजे कॅथलिक चर्चची माणसे.

जुलै २००२ मध्ये मध्य आफ्रिकेतल्या सहा देशांचे बिशप इक्वेटोरियल गिनीच्या मालाबो शहरात जमले. तेल कंपन्या आणि सत्ताधारी यांचे साटेलोटे आहे, करार गुपचूप होतात आणि पैसा राजवटी टिकवण्यात खर्च होतो, असे त्यांनी लेखी म्हटले. ज्या देशांत विरोधी पक्ष नावापुरता आणि वर्तमानपत्रे दबून, तिथे ही भाषा सोपी नव्हती. पण चर्चची शाळा, दवाखाना आणि माणूस गावोगाव असतो. हे सगळे एका फटक्यात बंद करणे सरकारलाही जड जाते.

मागणी भिक्षेची नव्हती, पावतीची होती. कंपनीने किती भरले ते तिने जाहीर करावे, सरकारला किती मिळाले ते सरकारने. मग दोन्ही आकडे तिऱ्हाइताने ताडून पाहावेत. किराणा दुकानदारही महिनाअखेरीस एवढे करतो! याच मागणीसाठी ‘पब्लिश व्हॉट यू पे’ ही मोहीम २००२ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. तिच्या संस्थापकांत इंग्लंड-वेल्समधल्या कॅथलिकांची ‘कॅफॉड’ ही मदतसंस्था होती.

एकट्यादुकट्या कंपनीच्या चांगुलपणावर हे भागत नाही, हे अंगोलाने आधीच दाखवले होते. २००१ मध्ये ‘बीपी’ने तिथल्या सरकारला करारापोटी दिलेले सुमारे ११ कोटी डॉलर उघड केले. त्यावर सरकारी तेल कंपनी ‘सोनांगोल’ने करार रद्द करण्याचीच धमकी दिली. बाकीच्या कंपन्यांनी यातून काय धडा घेतला असेल, ते सांगायला नको. म्हणून सगळ्यांना सारखा लागू होणारा कायदाच हवा, यावर मोहिमेचा भर राहिला.

काँगोत या मागणीची किंमत मोजली ती स्थानिकांनी. प्वांत-न्वार धर्मप्रांताच्या न्याय व शांती आयोगाचे ब्रिस माकोसो आणि त्यांचे सहकारी ख्रिश्चन मुन्झेओ यांना एप्रिल २००६ मध्ये अटक झाली. आरोप अफरातफरीचा! तेलाच्या पैशांचा हिशेब विचारणाऱ्यांवरच असा आरोप ठेवण्यात सरकारची विनोदबुद्धी दिसते. डिसेंबरमध्ये दोघांना एक वर्षाची स्थगित शिक्षा झाली. पुढे हेच माकोसो तेल-खाणींच्या पारदर्शकतेसाठीच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या संचालक मंडळावर गेले.

मोहीम मागत होती तसा कायदा अमेरिकेत झाला: २०१० मध्ये डॉड-फ्रँक कायद्याने तेल आणि खाण कंपन्यांना परदेशी सरकारांना दिलेले पैसे जाहीर करणे बंधनकारक केले. तेल उद्योग कोर्टात गेला, कायद्याखाली केलेला नियम रद्द झाला. २०१६ मध्ये नवा आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये काँग्रेसने तोही रद्द केला आणि ट्रम्प यांनी सही केली. डिसेंबर २०२० मध्ये तिसरा आला, तो बराच मवाळ.

माकोसो ज्याच्या संचालक मंडळावर गेले, त्या उपक्रमात आज पन्नासहून अधिक देश आहेत. कोळसा, लोहखनिज आणि तेल काढणारा भारत त्यांत नाही.