सियालदह ते सागर बेट: ऊर्जेचा एक पाठ

कोलकात्याच्या सियालदह स्थानकातून नामखान्याकडे जाणारी उपनगरी गाडी 25,000 व्होल्ट दाबाच्या विजेवर धावते. ही वीज मुख्यतः कोळशापासून निर्माण होते. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी वनस्पतींनी साठविलेली सौरऊर्जाच होय. साठा आयता असल्यामुळे तो हवा तेव्हा वापरता येतो. परंतु जळालेला कोळसा पुन्हा मिळत नाही. शिवाय त्याच्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच विजेत उतरतो.

याच मार्गावर काकद्वीपला उतरून मुडीगंगा नदी ओलांडली, की सागर बेट लागते. तेथील कमलपूर गावी 1996 मध्ये सुमारे 26 किलोवॉट क्षमतेचे सौर वीजकेंद्र सुरू झाले. दिवसा विद्युत्घटांत साठविलेली वीज सायंकाळी काही तास घरोघरी पुरविली जाई. सूर्यप्रकाश दररोज नव्याने मिळतो. परंतु रात्रीसाठी त्याची साठवण माणसालाच करावी लागते, आणि ती मर्यादित असते.

शिक्षकाने येथे विद्यार्थ्यांना एक हिशेब घालावा. अशा गावात एका घराने 1,000 वॉटची शेगडी लावली, तर 20 वॉटच्या किती दिव्यांची वीज ती एकटी घेईल? उत्तर येते 50. ऊर्जास्रोतांची नावे विद्यार्थी सहज पाठ करतात. मात्र आपल्या शेगडीपायी शेजारच्या मुलाचा अभ्यासाचा दिवा मालवू शकतो, हे ज्याला उमगले, त्यालाच ऊर्जेचा पाठ कळला असे म्हणता येईल.