उशिरा पाण्यात

बँकेतून निवृत्त झाले त्या वर्षी, 2013 च्या डिसेंबरात, आम्ही मालवणला गेलो ते मासे खायला. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडीतून नेऊन पर्यटकांना पाण्याखाली उतरवतात, हे तिथे गेल्यावर कळलं. भाच्याने हौसेने पैसे भरले आणि ऐनवेळी मागे सरकला. मग मी उतरले. वय 58.

तोवर मासे पाहिलेले ते बाजारात नाहीतर ताटात. इथे ते माझी जराही दखल न घेता नाकासमोरून चाललेले. आनंदाच्या भरात मी अंगठा वर केला, तर सिलिंडर धरून असलेल्या मुलाने मला तडक वरच आणलं. "काकू, घाबरलात काय?" पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. सगळं ठीक असेल तर अंगठा-तर्जनी जुळवून गोल करायचा. पहिली डुबकी अशी चार मिनिटांत आटोपली.

पुढच्या फेब्रुवारीत अंदमानात हॅवलॉक गाठलं. (2018 मध्ये त्याचं स्वराज द्वीप झालं, माझ्या लॉगबुकात अजून दोन्ही नावं नांदतात.) स्कूबाला वयाची वरची मर्यादा नाही, पण पंचेचाळिशीपुढच्यांना प्रकृतीच्या फॉर्ममध्ये जास्तीचे प्रश्न असतात. आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि सही करता करता विचारलं, "मिस्टरांना माहीत आहे ना?"

दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, पण कान पहिल्या काही मीटरांतच परीक्षा पाहतात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारायची आणि कान मोकळे करत खाली जायचं. मी सर्दी लपवून उतरले. तीन मीटरवर कानात सुई घुसली. पुढचे दोन दिवस किनाऱ्यावर नारळपाणी.

खरी अडचण मात्र पोहता येण्याची होती. टिळक तलावात शिकलेले हात गप्प बसेनात. जितकी धडपड, तितकी हवा जास्त लागते. (सिलिंडरात ऑक्सिजन नव्हे, साधी हवाच दाबून भरलेली असते, हे मी नातेवाइकांना अजून सांगते आहे.) पहिल्या वर्षी अर्ध्या तासात काटा खाली यायचा. आता तेवढ्याच खोलीवर पन्नास मिनिटं जातात आणि माझ्या निम्म्या वयाची मुलं आधी वर निघतात.

2016 च्या मे महिन्यात त्याच बेटावर पुन्हा उतरले. ओळखीच्या खडकावर तपकिरी-हिरवी पोवळी दुधासारखी पांढरी झालेली. मला ती सुंदर वाटली. मी हाताने गोल केला. इन्स्ट्रक्टरने मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, 'आजारी'. पाणी बरेच दिवस जास्त तापलं की पोवळ्याच्या अंगातलं शेवाळ बाहेर पडतं. रंग त्याचाच आणि बरंचसं अन्नही त्याचंच. पाणी वेळेत निवलं तर पोवळं सावरतं. त्या खडकावरचं काही सावरलं, बरंच नाही.

लॉगबुकात आज 61 नोंदी आहेत. त्यांतल्या नऊ नोंदींत 'पांढरं' हा शब्द आहे.