ग्रामपंचायतीचा हिशेब कोण वाचणार?

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळा सुटून आम्ही हजेरीपट मिटवीत होतो, तेव्हा आमची एक जुनी विद्यार्थिनी हातात लखोटा घेऊन दाराशी उभी राहिली. त्या वेळी ती आपल्या गावच्या ग्रामपंचायतीची अध्यक्ष होती. 'सर, अनुदान मंजूर झालंय काय बघा की,' असे म्हणून तिने कागद पुढे केला. पंचायतीच्या शिपायाने वाचून दाखविलेल्या पहिल्या ओळीत 'अनुदान' हा शब्द तिच्या कानावर पडला होता, त्यावरून तिने तर्क बांधला होता.

कागद मंजुरीचा नव्हता. पाइप दुरुस्तीच्या खर्चाच्या पावत्या मिळाल्या नाहीत म्हणून लेखापरीक्षणात आक्षेप निघाला होता आणि मुदतीत खुलासा आला नाही तर रक्कम वसूल करण्याची ताकीद होती. आम्ही तिला मराठीत सगळे समजावून सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, 'सही माझीच हाय, सर. पण कशावर केली ते कोण सांगायचं?'

पावत्या पुढे सापडल्या. पाणीपुरवठ्याच्या फायलीत लावायच्या त्या भलत्याच फायलीत गेल्या होत्या. आक्षेप मिटला, पण तिचा प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही.

आपल्या भागात भाषेचा प्रश्न निघाला की चर्चा होते ती दुकानांच्या पाट्यांची, बसच्या फलकांची, उताऱ्यांची आणि नोटिसांची. त्या मागण्यांचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. आमच्या समितीनेही त्यासाठी निवेदने दिली आहेत. परंतु गावचा पैसा ज्या वहीत लिहिला जातो, त्या वहीबद्दल आम्ही कधी तोंड उघडले नाही. एकेकाळी याने फारसे बिघडत नसेल. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता आणि गावपंचायतीकडे पैसाही बेताचाच असे. पण २४ एप्रिल १९९३ रोजी ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली, त्याच वर्षी कर्नाटकाचा पंचायत राज कायदा आला आणि पाणी, दिवे, गटारे, रस्ते यांचा खर्च गावाच्या हाती आला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली होती. त्यातला साठ टक्के पैसा पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा, उरलेला गावाच्या गरजेप्रमाणे, असा नियम होता. आणि त्याला अट होती ती हिशेबाची. तपासलेले हिशेब सर्वांना पाहता येतील असे संगणकावर चढविले पाहिजेत. हिशेब चढला नाही तर पुढच्या अनुदानाला अडथळा. म्हणजे जमाखर्च लिहिणारा माणूस कच्चा असेल तर गावाच्या नळाचे पाणी अडू शकते!

हा माणूस कोण? पंचायतीत विकास अधिकारी असतो, ज्याला सगळे 'पीडीओ' म्हणतात. सचिव असतो, लेखा साहाय्यक असतो, संगणकावर बसणारा असतो आणि घरपट्टी-पाणीपट्टी गोळा करणारा बिल कलेक्टर असतो. कागदावर ही माणसे वेगवेगळी असली तरी लहान पंचायतीत पुष्कळदा एकाच्याच गळ्यात दोन-तीन कामे असतात. काम तर अवघड होत गेले आहे. २००६ च्या नियमांनी कर्नाटकातील ग्रामपंचायतींना द्विनोंदी पद्धत लागू झाली. मग 'पंचतंत्र' ही संगणक प्रणाली आली, २०२० मध्ये केंद्राचे 'ई-ग्रामस्वराज' आले. चेक जाऊन डोंगल आले. अधिकारी एक डोंगल लावतो, अध्यक्ष दुसरे, आणि पैसे ठेकेदाराच्या खात्यात जातात. आमच्या विद्यार्थिनीची 'सही' ती हीच.

प्रशिक्षण मुळीच मिळत नाही असे कुणी म्हणू नये. म्हैसूरला अब्दुल नझीरसाब यांच्या नावाची राज्य ग्रामीण विकास संस्था आहे. (नझीरसाब हे कर्नाटकाचे पंचायत राज मंत्री होते. गावोगाव कूपनलिका खोदविल्या म्हणून लोक त्यांना 'नीरसाब' म्हणत.) या संस्थेतून उपग्रहाद्वारे तालुक्याच्या ठिकाणीही वर्ग चालविले गेले. पण भाषा कन्नड. राज्याची भाषा कन्नड, तेव्हा कर्मचाऱ्याने ती शिकली पाहिजे याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती सदस्यांच्या बाबतीत. खर्चाला मंजुरी देणारा, जमाखर्चावर ठराव करणारा सदस्य मराठी शाळेतून सातवी झालेला असतो. २०१५ च्या कायद्यानंतर आमच्या शाळांतली मुले कन्नड बऱ्यापैकी वाचतात, पण पंचायतीत बसतात ती त्यांचे आईवडील! ज्या भागात भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्के असतील तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेत छापाव्यात, असे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे धोरण सांगते. हिशेबाची माहितीपुस्तिका या 'महत्त्वाच्या' कागदांत धरायला नको काय?

गंमत अशी की, हिशेबाची कन्नड आपल्याला वाटते तितकी परकी नाही. करवसुलीच्या वहीत तीन रकाने असतात: 'बेडिके', 'वसूली', 'बाकी'. पहिला शब्द सोडला, म्हणजे 'मागणी', तर उरलेले दोन आपल्याच घरचे आहेत. 'शिल्कु' म्हणजे शिल्लक, 'रशीदी' म्हणजे पावती, 'ठरावु' म्हणजे ठराव. शतकानुशतके शेजारी राहिलेल्या भाषा अशाच एकमेकींच्या वह्यांत डोकावतात. ज्याला लिपी आली, त्याला अर्धी वही आली असे म्हणायला हरकत नाही.

फसवणूक होते ती उरलेल्या अर्ध्यात. 'मुंगड' म्हणजे उचल, पण 'मुंगडपत्र' म्हणजे अंदाजपत्रक. 'होणेगारिके' हा शब्द जबाबदारीसाठी बोलण्यात येतो, ताळेबंदात मात्र त्याचा अर्थ देणी. आणि सर्वांत मोठा घोटाळा 'जमाबंदी'चा. मराठीत जमाबंदी म्हटली की शेतसारा आणि महसूल खाते डोळ्यांपुढे येते. कर्नाटकात मात्र पंचायतीचा वर्षाचा हिशेब लोकांपुढे वाचून, झालेली कामे जागेवर जाऊन पाहण्याच्या कार्यक्रमाला जमाबंदी म्हणतात. एका गावी दवंडी ऐकून लोक आलेच नाहीत. 'आमचा सारा भरलाय' असे एका म्हाताऱ्याने आम्हाला ठणकावून सांगितले. जो दिवस प्रश्न विचारायचा, तो एका शब्दापायी रिकामा गेला.

यावर काहीजण सुचवितात की पलीकडे चंदगड तालुक्यात सगळे मराठीत आहे, तेथले नमुने आणावेत. आम्ही ते पाहिले. महाराष्ट्रात २०११ च्या लेखासंहितेप्रमाणे क्रमांक लावलेले नमुने आहेत: नमुना ५ रोकडवही, नमुना ८ कर आकारणी, नमुना ९ कर मागणी. मराठी शब्द घ्यायला ते उत्तम, जसेच्या तसे वापरायला मात्र निरुपयोगी, कारण इथली खाती वेगळी, प्रणाली वेगळी. इथल्या बिल कलेक्टरला 'नमुना ९' म्हटले तर तो तोंडाकडे बघत राहील. आपल्याला हवी आहे ती इथल्याच वहीची, इथल्याच रकान्यांची, डावीकडे कन्नड व उजवीकडे मराठी अशी पुस्तिका.

आणि हवी आहेत माणसे. इथे आम्हाला आपल्याच लोकांशी थोडे कडू बोलावे लागेल. बिल कलेक्टर पंचायत स्वतः नेमते, तो गावचाच असतो, मराठी बोलणारा असतो. पुढे पात्रता असेल तर अशा कर्मचाऱ्यांना बढतीने वरच्या जागांची वाट असते. पण त्यासाठी कन्नड लेखी यावी लागते आणि द्विनोंदी समजावी लागते. आमची बी.कॉम. झालेली पोरे पुण्याला किंवा गोव्याच्या कारखान्यांत जातात. पोटासाठी गेली, त्यांना दोष नाही. पण 'कन्नड परीक्षेला बसणे म्हणजे शरण जाणे' असे समितीच्या बैठकीत बोलणारेही आम्ही ऐकले आहेत. असे बोलून त्यांनी गावची रोकडवही परक्याच्या हाती दिली आणि वर तक्रारही केली. मराठी माणसाने कन्नडमध्ये हिशेब लिहावा आणि मराठीत गावाला वाचून दाखवावा, यात मराठीचे काय बिघडते?

त्या पावसाळ्यानंतर आम्ही शाळेत संध्याकाळचा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी आलेल्यांत दोन बिल कलेक्टर होते, काही सदस्य होते आणि बी.कॉम. झालेली एक मुलगी होती. सदस्यांपैकी निम्मे पुढे आले नाहीत. द्विनोंदी शिकविताना आम्हीही अडखळलो, कारण आमचा विषय इतिहास! शेवटी त्या मुलीनेच फळ्यावर दोन बाजू आखून दाखविल्या: हातपंपाचे भाग घेतले, तर एका बाजूला पाणीपुरवठ्याचा खर्च, दुसऱ्या बाजूला बँकेतून गेलेली रक्कम. एक बिल कलेक्टर म्हणाला, 'म्हणजे एकच पैसा दोनदा लिवायचा, आन् दोन्ही बेरजा जुळल्या पायजेत.' इतके सोपे आम्हालाही सांगता आले नव्हते. आमची विद्यार्थिनी मागच्या बाकावर बसून आपल्याच पंचायतीचा जमाखर्च मराठी अक्षरांत उतरवून घेत होती. तिला त्यात पथदिव्यांचे एक बिल दोनदा लागलेले सापडले. तिने ते बैठकीत विचारले आणि चूक दुरुस्त झाली.

वर्ग दर रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या शाळेत भरतो. पंचायतीच्या सदस्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी, मग ते मराठी बोलणारे असोत वा कन्नड, यावे. येताना आपल्या गावच्या मागील जमाबंदीत वाचलेल्या जमाखर्चाची प्रत आणि एक दोनशे पानी वही आणावी. कॅल्क्युलेटर आणू नये; पहिले चार रविवार बेरजा हातानेच करायच्या आहेत.