शीतजलातील मासे आणि आपले हृदयारोग्य

काश्मीर वा हिमाचलची सहल करून आलेले रुग्ण अलीकडे मला हटकून विचारतात, "डॉक्टर, तिकडच्या ट्राउट माशात हृदयाला हितकारक तेल असते म्हणे. तो बेळगावात मागवून खावा का?" या साध्या प्रश्नाचे उत्तर शास्त्राला धरून आणि खिशाचा विचार करून द्यावे लागते.

ट्राउट मूळचा आपल्याकडचा नव्हे. १९०० च्या सुमारास इंग्रजांनी गळाने मासे धरण्याची हौस भागविण्यासाठी तपकिरी ट्राउटची अंडी विलायतेहून काश्मिरात आणविली. आज काश्मिरातील कोकरनाग आणि हिमाचलातील पतलीकुहल येथे इंद्रधनुषी ट्राउटची पैदास होते. वाहते, प्राणवायुयुक्त आणि सर्वसाधारणपणे २० अंश सेल्सिअसहून थंड पाणी त्याला मानवते.

थंडीत तूप गोठते, तेल गोठत नाही, हे आपण घरात पाहतोच. ट्राउटचे शरीर भोवतालच्या पाण्याइतकेच थंड असते. पेशीपटलातील मेद घट्ट झाल्यास पेशींचे व्यवहार मंदावतील. म्हणून अशा माशांच्या पेशीपटलात बहु-असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण अधिक राहते. त्यांपैकी ईपीए व डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले मानवास विशेष उपयुक्त होत. १०० ग्रॅम ट्राउटमधून सुमारे २० ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने, पाऊण ते एक ग्रॅम ही मेदाम्ले, शिवाय ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे मिळतात. शेवटच्या दोहोंची उणीव आपल्या रुग्णांत किती आढळते, हे वैद्यकबंधूंना सांगणे नलगे.

मात्र या मेदाम्लांचा मूळ उगम थंडीत नसून पाण्यातील सूक्ष्म शैवालांत आहे. तेथून अन्नसाखळीद्वारे ती माशांत येतात. म्हणूनच तळ्यात पोसलेल्या ट्राउटमधील त्यांचे प्रमाण बव्हंशी त्याला दिलेल्या खाद्यावर ठरते. आणि म्हणूनच अरबी समुद्राच्या उबदार पाण्यातील बांगडा व तारली हेदेखील या मेदाम्लांनी समृद्ध असतात.

१९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांचा अभ्यास केला, तेव्हापासून या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९९९ मध्ये इटलीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ११ हजारांहून अधिक रुग्णांत रोज सुमारे १ ग्रॅम ओमेगा-३ दिल्याने मृत्यूंचे प्रमाण घटलेले दिसले. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'व्हायटल' आणि 'असेंड' या मोठ्या चाचण्यांत, निरोगी व्यक्ती आणि मधुमेही यांना कॅप्सूलमुळे अपेक्षित संरक्षण मिळाले नाही. मोठ्या मात्रेत एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो, हेही आता ठाऊक झाले आहे. तेव्हा सरसकट कॅप्सूल लिहून देण्याचा मोह आपण आवरावा, असे मला वाटते. ताटातला मासा तळकट किंवा चरबीयुक्त पदार्थाची जागा घेतो. हा लाभ कॅप्सूल देऊ शकत नाही.

रुग्णांना मी सांगतो : पहाडात गेलात तर ट्राउट आनंदाने खा, येथे मात्र गोवा-कारवारहून येणारा ताजा बांगडा वा तारली आठवड्यातून दोनदा पुरे. रवा लावून भरपूर तेलात तळण्यापेक्षा आमटीत शिजवावा किंवा थोड्या तेलात भाजावा. युरिक आम्ल वाढलेल्यांनी आणि गाउटच्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याने प्रमाण ठरवावे.

शाकाहारी मंडळींनी जवसाची चटणी अवश्य खावी. जवसातील ओमेगा-३ चे ईपीएत रूपांतर अल्प आणि डीएचएत त्याहूनही अल्प होते, तरी ती आहारात असणे हितावहच. त्यांनी ब-१२ ची तपासणी मात्र टाळू नये.

हृदयाचे रक्षण एकट्या माशावर अवलंबून नाही. तंबाखूचा त्याग, नियमित चालणे, रक्तदाब आणि साखर यांवरील नियंत्रण यांच्या जोडीला असा आहार असेल, तर आपल्या बाजारातला स्वस्त बांगडाही दूरच्या ट्राउटइतकाच गुणकारी ठरेल.